गहाण दागिने आणि काशाची फुलं

आज आम्ही तुम्हाला एका सिनेमाची हकीकत सांगणार आहोत. सिनेमा बंगाली आहे, १९५५ सालचा, काळा-पांढरा. त्यात झाडाभोवतीची गाणी नाहीत, मारामारी नाही आणि खलनायक म्हणावा असा एकही माणूस नाही. एक पडकं घर आहे आणि त्या घरात एकमेकांना धरून राहिलेली पाच माणसं आहेत. नाव आहे ‘पाथेर पांचाली’. पांचाली म्हणजे बंगालमध्ये गाऊन सांगायची कथा. तेव्हा नावाचा अर्थ साधारण ‘वाटेचं गाणं’ असा होतो. हा अर्थ जरा ध्यानात ठेवा, पुढे त्यावरून एक गंमत आहे.

आमच्या गटानं हा सिनेमा देवळाच्या सभामंडपात बघितला. भिंतीला पांढरी चादर लावली होती. बंगाली कुणालाच येत नव्हती, म्हणून आमच्या रेडिओवरची मुलगी खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी वाचून मराठीत सांगत होती. अर्ध्या तासानं बायांनीच तिला गप्प केलं. "कळतंय गं आम्हाला, तू बस खाली."

पण सिनेमाच्या आधी सोन्याचं बोलू. आपल्या देशात सिनेमा जन्माला आला तो आपल्याच मुलखात, आणि बाईच्या अंगावरच्या सोन्यावर. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढायचं ठरवलं तेव्हा त्यांच्याजवळ भांडवल नव्हतं. त्यांनी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढलं, आणि सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले. नुसते दागिने देऊन त्या थांबल्या नाहीत. सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्या करायच्या, फिल्मला भोकं पाडायच्या, ती धुण्याची रसायनं कालवायच्या, उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात तो सिनेमा लागला. फाळक्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात आहे. सरस्वतीबाईंचं नाव आमच्या गटात किती जणींना माहीत होतं? एकीलाही नाही. म्हणून आधी सांगितलं.

त्यानंतर चाळीस वर्षांनी कलकत्त्यात तेच घडलं.

कलकत्त्यात सत्यजित राय नावाचे एक गृहस्थ जाहिरात कंपनीत चित्रं काढायची नोकरी करत होते. विभूतिभूषण बंदोपाध्याय यांची ‘पाथेर पांचाली’ ही कादंबरी १९२९ साली पुस्तकरूपानं आली होती आणि बंगालच्या घराघरांत पोचली होती. मुलांसाठी तिची एक छोटी आवृत्ती निघाली, तिच्यासाठी चित्रं काढायचं काम रायांकडे आलं. चित्रं काढता काढता त्यांना वाटलं, यावर सिनेमा व्हायला पाहिजे. १९५० साली कंपनीनं त्यांना लंडनला पाठवलं. तिथे त्यांनी एक इटालियन सिनेमा बघितला. एका गरीब माणसाची सायकल चोरीला जाते आणि तो पोराला घेऊन शहरभर ती शोधत फिरतो, एवढीच गोष्ट. खरे रस्ते, खरी माणसं. परतीच्या बोटीवरच रायांनी आपल्या सिनेमाचं टिपण करायला घेतलं.

त्याच वर्षी विभूतिबाबू वारले. त्यांच्या पत्नीनं या नवख्या माणसाला कादंबरी वापरायची परवानगी दिली. तोवर या माणसानं एकही सिनेमा केला नव्हता. लोकांनी बाईंना बोल लावले की एवढं मोठं पुस्तक कुणाच्या हाती देताय. बाई शब्दाला जागल्या. या हकीकतीतली ही पहिली बाई.

पैसा द्यायला मात्र कुणी तयार होईना. गाणी नाहीत, नाच नाही, नावाजलेला नट नाही, कॅमेरा धरणारा पोरगा एकवीस वर्षांचा आणि त्यानं आधी सिनेमाचा कॅमेरा कधी चालवलेला नाही. व्यापारी माणूस कशाला हात घालेल? मग रायांनी विमा गहाण टाकला आणि नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी काम सुरू केलं. पहिला दिवस २७ ऑक्टोबर १९५२.

त्या दिवशी काय काढायचं होतं ते ऐका. दुर्गा आणि अपू ही बहीण-भावंडं पांढऱ्या फुलांच्या शेतातून पळत जातात आणि जन्मात पहिल्यांदा आगगाडी बघतात. बंगालमध्ये काश नावाचं उंच गवत असतं. आपल्याकडे उसाला तुरे येतात ना, तसे त्याला पावसाळा सरताना पांढरेशुभ्र तुरे येतात. अर्धं काम त्या दिवशी झालं. पुढच्या रविवारी मंडळी परत गेली तर शेत बोडकं! मधल्या दिवसांत गुरांनी सगळे तुरे खाऊन टाकले होते. (इथे आमच्या बाया पोट धरून हसल्या. मोकाट गुरं काय करतात ते आम्हाला कुणी सांगायला नको.) उरलेल्या अर्ध्या कामासाठी पुढच्या हंगामाची वाट बघावी लागली. शेतकरी थांबतो तसा हा माणूस फुलांसाठी थांबला.

मग पैसे संपले. रायांना गाण्याच्या तबकड्या जमवायचा नाद होता, त्या विकल्या. तेही पुरेना. तेव्हा हिशेब सांभाळणारे अनिल चौधुरी रायांच्या पत्नीकडे गेले आणि दागिने मागितले. बिजोयाबाईंनी ते गहाण ठेवायला दिले. अपूचं काम करणारा सुबीर नावाचा मुलगासुद्धा त्यांनीच शोधला. रायांनी पेपरात जाहिरात देऊन कितीतरी मुलं बघितली होती, एक पसंत पडत नव्हता. बाईंना तो शेजारी खेळताना दिसला.

दागिने गहाण टाकणं म्हणजे काय, हे सभामंडपात बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. बियाण्यासाठी टाकलेत, दवाखान्यासाठी टाकलेत, धाकट्या दिराच्या लग्नासाठी टाकलेत. सोडवून आणलेही आहेत आणि काही तिथेच राहिले. पण सिनेमासाठी? ‘वेड लागलं होतं काय त्या बाईला,’ असं एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, ‘आपण टाकले ते तरी कुठं शहाणपणानं टाकले होते!’ आम्हाला वाटतं, या दोघींचंही खरं आहे.

दागिन्यांचे पैसेही संपले आणि काम जवळजवळ वर्षभर बंद पडलं. मग पुढे आली रायांची आई, सुप्रभाबाई. त्यांच्या ओळखीच्या एका बाईंमार्फत गोष्ट बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र राय यांच्यापर्यंत गेली आणि सरकारनं पैसे द्यायचं कबूल केलं. आता ती गंमत. सरकारदरबारी सिनेमाच्या नावानं पैसे द्यायची सोय नव्हती. सिनेमाच्या नावात ‘वाट’ आहे ना, मग कागदावर लिहिलं गेलं, रस्तेसुधारणा! आमच्या गटाच्या वहीत कर्जाच्या कारणात ‘शेळी’ लिहिलेलं असतं आणि त्या पैशात मुलीची फी भरलेली असते. त्यामुळे आम्ही त्या सरकारी कारकुनाला नावं ठेवणार नाही.

असा थांबत थांबत तीन वर्षांत सिनेमा झाला. पुढे राय सांगायचे की तीन चमत्कारांनी मला तारलं. एवढ्या काळात अपूचा आवाज फुटला नाही, दुर्गा अंगानं मोठी झाली नाही आणि म्हातारी आत्या मेली नाही.

आता त्या आत्याकडे वळू, कारण आमच्याकडे खरी वादावादी झाली ती तिच्यावरून.

गोष्ट थोडक्यात अशी. निश्चिंदिपूर नावाचं खेडं. हरिहर भटजी आहे, पूजा सांगतो, पोथ्या लिहायची स्वप्नं बघतो, पण दोन-दोन महिन्यांचा पगार थकला तरी मागायचं धाडस त्याच्यात नाही. त्याची बायको सर्वजया. मुलगी दुर्गा, धाकटा अपू. आणि हरिहरची लांबची, वयानं बरीच मोठी बहीण, इंदिर ठाकरुण. ती सर्वजयेची नणंद, मुलांची आत्या. कमरेत वाकलेली, तोंडात दात नाही, अंगावर फाटकं लुगडं. फळबाग होती ती कर्जापायी शेजाऱ्यांकडे गेली. दुर्गा त्याच बागेतला पडलेला पेरू उचलून आणते आणि आत्याच्या भांड्यात लपवते. शेजारीण चोर म्हणते, आणि ते ऐकून घ्यावं लागतं सर्वजयेला.

ही सर्वजया वाईट बाई आहे का? ती आत्याच्या पानाकडे बघते. स्वयंपाकघरातून म्हातारीनं मिरची नेली, तेल नेलं, यावर बोलते. म्हातारी रागानं गाठोडं उचलून दुसऱ्या नातेवाइकाकडे जाते, चार दिवसांनी परत येते. शेवटी एकदा ती येते ती आजारी होऊन. या घरातच डोळे मिटावेत एवढंच तिला हवं आहे. सर्वजया नाही म्हणते. म्हातारी प्यायला पाणी मागते, तर सर्वजया म्हणते, तुझं तू घे. म्हातारी पाणी पिते, उरलेलं अंगणातल्या रोपाला घालते आणि काठी टेकत बाहेर पडते. पुढे आगगाडी बघून परतणाऱ्या पोरांना ती बांबूच्या बेटात बसलेली दिसते. दुर्गा गमतीनं तिला हलवते, आणि म्हातारी कलंडते.

सभामंडपात कुणी बोललं नाही. मग एकदम दोन तट पडले. काही म्हणाल्या, असली कसली बाई, मरत्या माणसाला पाणी देत नाही. काही म्हणाल्या, घरात दोन मुलं उपाशी, नवरा महिनोन्महिने बाहेर, ती कुणाकुणाला पुरेल? चांगलाच आवाज चढला. तेव्हा आमच्यातली एक, एरवी बैठकीत फक्त अंगठा द्यायला पुढे येणारी, उठून बोलली. दुष्काळाच्या साली तिनं सासूला थोरल्या दिराकडे धाडलं होतं. "भाकरी मोजून थापत हुते मी. आत्याबाईंनी एक मागितली, मी दिली नाय. आन् त्या गेल्यावर चूल पेटवली का त्याच दिसायच्या." एवढं बोलून ती खाली बसली. वाद तिथेच संपला.

आम्ही यावर पुष्कळ विचार केला. गरिबीवरचे सिनेमे आपण बघतो त्यात गरीब माणसं देवासारखी असतात. आई असते ती स्वतः उपाशी राहून हसतमुखानं वाढते. उपाशी माणूस हसतमुख कुठून असणार? सर्वजया हसतमुख नाही. ती पोरीला केस धरून अंगणाबाहेर काढते, दार लावते आणि मग दाराशीच खाली बसून रडते. थोड्या वेळानं अपूला म्हणते, जा, ताईला जेवायला बोलाव. हे बघताना किती जणींनी पदर तोंडाला लावला, ते आम्ही अंधारातही बघितलं. गरिबीत माया संपते असं नाही. ती खरखरीत होते, शिव्या घालते, भाकरी मोजते. रायांनी हे बघितलं आणि त्या बाईला गुन्हेगार ठरवलं नाही, यासाठी आम्हाला या माणसाचं कौतुक वाटतं.

आत्याचं काम केलं चुनीबाला देवी यांनी. वय ऐंशी. एके काळी त्या नाटकात कामं करत. पुढे रंगभूमी सुटली आणि शहरातल्या ज्या वस्तीचं नाव चांगल्या घरात काढत नाहीत, तिथे त्या राहत होत्या. रायांची माणसं त्यांना तिथून शोधून घेऊन आली. दिवसाला वीस रुपये ठरले. त्यांना सगळे संवाद पाठ असत, आणि कालच्या दृश्यात पदर कुठल्या खांद्यावर होता हेही ध्यानात असे. तिरडीचं दृश्य घेताना त्यांना खरोखर बांबूला बांधून उचललं. काम संपलं, दोऱ्या सोडल्या, तरी बाई हलेनात. सगळ्यांच्या काळजात धस्स झालं. तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले आणि झालं का, मला सांगितलं का नाही, असं विचारलं. राय ही हकीकत सांगत असत. सिनेमा थिएटरात लागायच्या आधी, १९५५ सालीच, चुनीबाला वारल्या. लोकांनी केलेलं कौतुक त्यांच्या कानी पडलं नाही.

सर्वजया झालेल्या करुणा बॅनर्जी शिकलेल्या, शहरातल्या. खेड्यातली बाई त्यांनी अशी उभी केली की आमच्यातल्या एकीनं विचारलं, ही बंगालमधल्या कुठल्या गावची गं? लहानपणीची दुर्गा झालेली मुलगी त्यांचीच लेक होती.

पुढचं थोडं जड आहे, तरी सांगतो. हरिहर कमाईसाठी बाहेर जातो. एखादं कार्ड येतं, पैसा येत नाही. सर्वजया घरातली भांडी विकते. ताटं विकायला नेताना ती त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघते ती बघाच तुम्ही. पावसाळा लागतो. दुर्गा पहिल्या पावसात मनसोक्त भिजते, केस सोडून गरगर फिरते, आणि तिला ताप भरतो. रात्री वादळ. मोडकं दार, फाटका पडदा, कोनाड्यातला गणपती हलतोय, आई एका हातानं दार धरते आणि दुसऱ्या हातानं लेकीला. सकाळी दुर्गा राहत नाही.

काही दिवसांनी हरिहर येतो. त्याला काहीच ठाऊक नाही. पिशवीतून एकेक वस्तू काढून दाखवतो. पोळपाट-लाटणं, लक्ष्मीचं चित्र, आणि मग दुर्गासाठी आणलेली साडी. ती साडी सर्वजया तोंडाशी धरते आणि तिचा बांध फुटतो. पण तिचं रडणं आपल्याला ऐकू येत नाही. तिथे रविशंकरांचं संगीत आहे; तारशहनाई नावाच्या वाद्याचा उंच, चिरत जाणारा सूर. रविशंकरांना वेळ नव्हता म्हणून सगळं संगीत एका बैठकीत, रात्र जागून झालं होतं. सभामंडपात मात्र त्या सुरावर खरं रडणं ऐकू येत होतं.

आता तुम्ही म्हणाल, यात आशा कुठे आहे? आगगाडी बघायला धावणारी ती दोन पोरं आठवा. मिठाईवाल्याकडून घ्यायला दमडी नाही, तरी त्याच्यामागून ओळीनं जाणारी दुर्गा, तिच्यामागे अपू, त्याच्यामागे कुत्रं, आणि तळ्यात पडलेलं चौघांचं प्रतिबिंब. शेवटी घर सोडून काशीला निघताना अपूला फळीवरच्या करवंटीत एक मण्यांची माळ सापडते. याच माळेवरून दुर्गावर चोरीचा आळ आला होता आणि तिनं नाही म्हटलं होतं. म्हणजे घेतली होती तिनं! अपू एका शब्दानं बोलत नाही. धावत जातो आणि माळ तळ्यात टाकतो. पाण्यावरचं शेवाळ जरा बाजूला होतं, पुन्हा मिटतं. बहिणीचं नाव त्यानं झाकलं. एवढंसं पोर, पण माया करायला शिकलं होतं. आमच्यापुरती आशा तिथे आहे.

१९५५ च्या ३ मे रोजी हा सिनेमा पहिल्यांदा न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयात दाखवला. ‘राजा हरिश्चंद्र’ लागला होता तीच तारीख! २६ ऑगस्टला कलकत्त्यात लागला. सुरुवातीला गर्दी बेताची, मग तिकिटं मिळेनात. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. १९५६ साली फ्रान्समधल्या कान गावच्या महोत्सवात गौरव झाला. तिथे पाठवायला सरकारातल्याच काहींचा विरोध होता, देशाची गरिबी परक्यांना कशाला दाखवायची म्हणून. पंडित नेहरूंनी मान्यता दिली तेव्हा तो गेला.

ही कुरकुर पुढेही चालू राहिली. १९८० साली राज्यसभेत खासदार नर्गिसबाईंनी रायांवर हाच ठपका ठेवला. ‘मदर इंडिया’तली राधा म्हणजे नर्गिसबाई, चिखलात नांगर ओढणारी ती बाई आपल्याला आपली वाटते, म्हणून त्यांच्याविषयी आदर ठेवूनच बोलतो, पण हे आम्हाला पटलं नाही. आमच्या गटातली एक म्हणाली, "पाव्हणे आले की फाटकी गोधडी आत टाकतो, तसलंच हे. पण रात्री पांघरायला तीच लागते ना!"

सिनेमा संपला तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. कुणी लगेच उठलं नाही. ज्या बाईनं सासूची गोष्ट सांगितली तिला दोघींनी घरापर्यंत सोडलं.

या गोष्टीचा पुढचा भागही आहे, ‘अपराजितो’ नावाचा. १९५७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वांत मोठं बक्षीस मिळालं. त्यात अपू शिकायला कलकत्त्याला जातो आणि सर्वजया गावाकडे एकटी राहते, आगगाडीच्या वेळेला दाराशी येऊन बसते. ज्यांची मुलं पुण्या-मुंबईला आहेत त्यांनी मन घट्ट करून यावं. ज्वारीची काढणी उरकली की सभामंडपातच दाखवणार आहोत. चादर या वेळी मोठी आणायची आहे, कुणाकडे असेल तर कळवा.